हरताळाचं ऊन

परळला तेव्हा ऊन पडायचं ते गिरण्यांच्या धुरातून गाळून. तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नसे. धूर निघतोय म्हणजे गिरणी चालू आहे आणि घरात चूल पेटणार आहे, इतका साधा त्याचा अर्थ होता. माझ्या कपाळाला मात्र त्या धुराड्यांकडे बघून रोज सकाळी आठ्या पडायच्या, कारण माझी नोकरीच उन्हावर चालायची.

एका संशोधन संस्थेच्या गच्चीवर उभं राहून आरसा फिरवायचा, ही ती नोकरी. बी. एस्सी. झालेली मुलगी आरसा फिरवते हे कळल्यावर ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीतल्या बायका आठवडाभर तोंडाला पदर लावून हसल्या. मी लक्ष दिलं नाही. माझा स्वभाव तेव्हाही फटकळच होता, आणि हसणाऱ्या बायकांपैकी एकीलाही सूर्य हलवता येत नव्हता.

लेसर हा शब्द अजून कुणी ऐकलेला नव्हता. आज डोळ्यांच्या दवाखान्यात हनुवटी टेकवून बसलं की मुलगा म्हणावा असा डॉक्टर लेसर मारून आपल्याला घरी पाठवतो. मागच्या वर्षी माझ्याही डोळ्यात मारला. त्या थंडगार खोलीत बसले असताना मला आमच्या गच्चीची इतकी आठवण आली की डॉक्टर म्हणाला, "आजी, हसू नका, डोकं हलतंय."

आमच्या डॉक्टरीणबाईंना सगळे नुसतं बाई म्हणत. त्या विलायतेत डोळ्यांचं शिकून आल्या होत्या. सूर्याचा प्रकाश भिंगातून डोळ्यात सोडला तर सुरी न लावता आतली गाठ जाळता येईल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. परदेशात अशा कामाला मोठे दिवे वापरायला सुरुवात झाली होती म्हणे. इथे तसला दिवा मिळण्याची आशा नव्हती. तेव्हा बाईंनी त्यांच्या आईच्या कपाटाचा आरसा काढून गच्चीवर लाकडी चौकटीत बसवला. त्यातून ऊन खालच्या मजल्यावरच्या खिडकीत ठेवलेल्या लहान आरशावर जायचं, तिथून अंधाऱ्या खोलीत, मग भिंगातून, आणि शेवटी टेबलावर फडक्यात गुंडाळून धरलेल्या सशाच्या डोळ्यात. भिंगापुढे एक झडप होती आणि तिला शिलाई मशीनचं पायडल जोडलं होतं. बाईंनी पायडल दाबलं की झडप क्षणभर उघडायची आणि गाठीवर पांढरा ठिपका उमटायचा, तव्यावरच्या भाकरीला फोड यावा तसा. डोळा आधी थेंब घालून बधिर केलेला असे, त्यामुळे ससा मुकाट्याने पडून राहायचा.

सूर्य कुणासाठी थांबत नाही, म्हणून आरसाही थोडाथोडा सरकवत राहावं लागे. मी दादाची जुनी सोला हॅट घालून, हिरव्या काचांचा चष्मा लावून गच्चीवर उभी असायची. "आला?" असं मी वरून ओरडायचं आणि बाईंनी खालून "आला" किंवा "गेला" म्हणायचं. तासन्‌तास आमचा एवढाच संवाद चाले. मी उन्हाने काळी ठिक्कर पडले. आई म्हणायची, "हिच्याशी आता लग्न कोण करणार? तो सूर्यच करेल." घरी आल्यावर आंघोळ करून, गच्चीवरची साडी बाहेरच्या दोरीवर टाकून मगच मला स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला परवानगी होती.

सशांना त्या गाठी आम्हीच लावायचो, हेही सांगून टाकते. प्रत्येकाच्या एका डोळ्यात गाठ लावायची, ती वाढू द्यायची आणि मग जाळायची. दुसरा डोळा धडधाकट ठेवायचा. ठरावीक दिवस झाले की ससा मारायचा आणि डोळा कापून आत काय झालंय ते बघायचं. बरा झालेलाही मारायचा, कारण खरंच बरा झाला का, हे बाहेरून कळत नाही. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं, पण तेव्हाच्या मला आताच्या अकलेने झोडपण्यात काय अर्थ आहे?

ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं होती. सभा, मोर्चे, घोषणा, भिंतींवर चुन्याने लिहिलेली अक्षरं. लहान मुलं विटीदांडू सोडून मोर्चा मोर्चा खेळायची. गोळीबारात माणसं मेली. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरावरून जाताना रस्त्यावरचा आवाज आपोआप खाली यायचा. आणि हरताळ झाला की गिरण्या बंद.

गिरण्या बंद झाल्या की आकाश निवळायचं. सशांची देखभाल करणारे लालबागचे एक मालवणी मामा होते. पहिल्या मोठ्या हरताळाच्या दिवशी मी ठाकूरद्वारहून चालत कशीबशी पोचले, तर मामा गच्चीच्या दारात उभे. म्हणाले, "गो बाय, वर बघ जरा. सूर्य कसो धुतल्यासारको दिसता." आणि खरंच, मी परळमध्ये तसलं ऊन कधी पाहिलं नव्हतं. खालून बाई ओरडल्या, "आला! अगं, केवढा आला!" विलायतेत शिकून आलेली ती बाई लहान मुलीसारखी ओरडत होती.

धुराच्या दिवशी गाठ नुसती शेकून निघायची. हरताळाच्या दिवशी ती जळायची. तेव्हापासून हरताळ जाहीर झाला की आम्ही हातातली कामं ढकलून त्या दिवसाची तयारी करायचो. दादाला हे अजिबात पटत नसे. तो फोर्टमध्ये एका कचेरीत कारकून होता आणि चळवळीत गळ्यापर्यंत बुडालेला. "सगळी मुंबई बंद आणि आमची बहीण कामावर!" असं तो वाडीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचा. मी म्हणायची, "सूर्याला सांग हरताळ करायला, मग मीही करते."

ट्राम बंद, बाजार बंद, म्हणजे सशांचा पाला बंद. त्यावरही तोड निघाली. लालबागच्या चाळींवरून जाताना पोरं अडवायची, "कुठे चाललात ताई? आज बंद आहे." मी सांगायची, सशांना खायला घालायला. एकदा वरच्या गॅलरीतून एका बाईंनी ते ऐकलं आणि मुळ्याचा पाला खाली टाकला. पुढच्या हरताळाला तीन-चार गॅलऱ्यांतून कोथिंबिरीच्या काड्या, फ्लॉवरची पानं, शेवग्याचा पाला असं काय काय पडलं. मी तो पदरात घेऊन जायची आणि मागून पोरं ओरडायची, "सशांसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" इतकं हसू मला त्यानंतर कुठल्या नोकरीत आलं नाही.

अशाच एका हरताळाच्या उन्हात तुटक्या कानाच्या सशाची गाठ जळाली. पिंजऱ्यातल्या भांडणात त्याच्या कानाचा तुकडा गेला होता, त्यामुळे तो शंभरात ओळखू यायचा. दोन आठवड्यांनी त्याच्या डोळ्यात गाठीच्या जागी नुसता पांढरा वण उरला. बाई रोज सकाळी आल्या आल्या पर्स टेबलावर ठेवायच्या आधी त्याचा डोळा बघायच्या. मी घरी सांगितलं, आणि तिथून पुढचं सगळं रामायण सुरू झालं.

आमचे अण्णा निवृत्त हेडक्लार्क. मुलीने सशांत नोकरी धरली म्हणून पहिले सहा महिने माझ्याशी कामापुरतं बोलत. पण गाठ जळाल्याचं ऐकलं आणि त्यांचा नूरच पालटला. संध्याकाळी वाडीच्या तोंडाशी बाकड्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "आमची धाकटी उन्हाने डोळ्यातल्या गाठी घालवते." ससा हा शब्द पहिल्या दिवशी त्यात होता. दुसऱ्या दिवशी गळला. समोरच्या बिऱ्हाडातले एकजण आपला मोतीबिंदू दाखवायला माझ्याकडे आले. मी त्यांना असं हाकललं की अण्णा दोन दिवस रुसले.

त्याच सुमाराला दादा सत्याग्रहात तुरुंगात गेला. वाडीने हार घातले, आईने ओवाळलं. वहिनी दारामागे उभी होती, कडेवर छोटी. छोटी म्हणजे माझी भाची, अडीच वर्षांची. वहिनी कोकणातली. सातवीपर्यंत शिकलेली, घरात कमी बोलणारी. मी तिच्याहून लहान असूनही मला "वन्सं" आणि "तुम्ही" म्हणायची. मी तिला अगंतुगं करायची. आमच्याकडे तशीच रीत होती आणि कुणालाच त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं.

एका संध्याकाळी वहिनी छोटीला देवापुढे बसवून शुभंकरोती म्हणायला शिकवत होती. मधेच ती थांबली. मला हाक मारून म्हणाली, "वन्सं, इकडून बघा. हिचा डोळा मांजरासारखा चमकतो." समईच्या उजेडात छोटीने मान वळवली आणि उजव्या बुबुळात मागून पांढरं काहीतरी लकाकलं. मी असं पांढरं रोज बघत होते, पिंजऱ्यांमध्ये. मी म्हटलं, "उद्या बाईंना दाखवू."

बाईंनी छोटीला मांडीवर घेतलं, थेंब घातले, आणि अंधाऱ्या खोलीत बराच वेळ तिच्या डोळ्यात बघत राहिल्या. नंतर त्यांनी तिच्या हातात बिस्कीट दिलं आणि मला बाहेर बोलावलं. गाठच होती. डोळा काढायला हवा, आणि तो लवकर काढायला हवा, नाहीतर गाठ मागच्या नसेतून मेंदूकडे जाईल. मोठ्या रुग्णालयातल्या शल्यवैद्यांनीही तेच सांगितलं. डावा डोळा चांगला होता. उजवा या आठवड्यात काढला तर मुलगी वाचण्याची आशा होती.

घरात एकदम सुतक आल्यासारखं झालं. आई म्हणाली, "मुलीची जात. एका डोळ्याची पोर कोण पदरात घेणार?" मला त्या क्षणी आईचा इतका राग आला की मी ताटावरून उठले. अडीच वर्षांची पोर जगते की मरते याची खात्री नाही, आणि हिला जावई दिसत होता! पण अण्णा शांत होते. त्यांचा चेहरा बघूनच मला काय येणार ते कळलं.

"डोळा काढायचा कशाला?" ते म्हणाले. "औषध आपल्या घरात आहे. पुढच्या आठवड्यात हरताळ होणार असं बोलतात. सूर्य चोख मिळेल. छोटीला गच्चीवर न्यायचं."

मी हात जोडून सांगितलं, ओरडून सांगितलं. ते सशांवर आहे, माणसावर कुणी केलेलं नाही, सशाची गाठ वेगळी आणि हिची वेगळी. अण्णा ऐकून घेत आणि म्हणत, "पण तो तुटक्या कानाचा बरा झाला ना?" झाला होता, मीच सांगितलं होतं. बघता बघता हे वाडीत पसरलं. पलीकडच्या काकूंनी नवस बोलून टाकला. सगळी वाडी आता दोन कारणांसाठी हरताळाची वाट बघत होती. दादाला तुरुंगात कळवायचं नाही, त्याचा धीर खचेल, असं अण्णांनी परस्पर ठरवलं.

मी बाईंना विचारलंही. लाज सोडून विचारलं, "एकदा करून बघायचं का?" त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला वाटत नाही का? मी काल रात्रभर तेच करत होते मनात. पण माणसाच्या मुलावर मी हे केलेलं नाही, आणि पहिली तुझी भाची असणार नाही."

वहिनी या सगळ्यात एक अक्षर बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत होते. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "वन्सं, मला तो ससा दाखवा."

"कशाला?"

"इथे सगळे त्याच्या जिवावर बोलताहेत. बघितलाय कुणी?"

अण्णा बाहेर झोपाळ्यावर होते. लग्न झाल्यापासून वहिनी परवानगी घेतल्याशिवाय चर्नी रोडच्या पलीकडे गेलेली नव्हती. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी वन्संबरोबर परळला जाऊन येते." विचारलं नाही, सांगितलं. अण्णा बघतच राहिले आणि आम्ही ट्रामच्या थांब्यावर पोचलोसुद्धा.

सशांच्या खोलीचा वास नवख्या माणसाला सोसत नाही. वहिनीने नाकाला पदर लावला नाही. मामांनी तुटक्या कानाचा ससा काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिने त्याचं तोंड हातात धरलं आणि खिडकीकडे वळवून डोळा बघितला. बाई शेजारी उभ्या होत्या.

"बरा झालाय की हा," वहिनी म्हणाली.

"दिसतोय बरा," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"डोळा कापून आतून बघितल्याशिवाय सांगता येत नाही."

"मग बघितला का नाही?"

मला उत्तर माहीत होतं. त्या सशाचा दिवस केव्हाच उलटून गेला होता. बाई दर सोमवारी म्हणायच्या, पुढच्या सोमवारी बघू. त्यांचं इतक्या वर्षांचं काम त्या एका डोळ्यात होतं, आणि तो उघडून बघायचं धैर्य त्यांना होत नव्हतं. आम्हालाही होत नव्हतं. मामा तर त्याला चोरून गाजरं घालत होते.

"त्याला मारावं लागतं," बाई अखेर म्हणाल्या. "तशी पद्धत आहे."

आमच्या घरी अख्खा कोहळा बायका चिरत नाहीत. आधी पुरुषाने सुरी लावायची, मग बाईने फोडी करायच्या. दादा तुरुंगात गेल्यापासून घरात आणलेला कोहळा तसाच पडून होता, कारण अण्णांना सुरी धरवत नसे आणि वहिनी काही केल्या सुरी लावेना. ती वहिनी मांडीवरच्या सशाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मग कापा. मी थांबते."

आणि लगेच, जरा विचार करून, "पण मारायचं कशाला? माझ्या मुलीचा नुसता डोळाच काढणार ना? तसाच याचाही काढा. याला जगू द्या."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मारायचा म्हणजे मारायचा, अशी आमची सवय झाली होती. बाईंनी मामांना इथर आणायला सांगितलं.

वहिनी बाहेरच्या बाकावर बसली. मी आत होते. डोळा काढला, टाके घातले, ससा मामांनी उबेला ठेवला. मग बाईंनी तो डोळा बशीत ठेवून मधोमध कापला आणि भिंग लावून वाकल्या. त्या इतका वेळ वाकून राहिल्या की मी समजले. समोरून सगळं स्वच्छ होतं. पांढऱ्या वणाच्या मागे, जिथे आमचा प्रकाश पोचलाच नव्हता, गाठ जिवंत होती. ती आडवी पसरून मागच्या नसेच्या तोंडाशी पोचली होती.

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मला वाटलं, आता या खुर्चीत बसतील आणि पुन्हा उठणार नाहीत. पण त्यांनी दार उघडलं आणि वहिनीला आत बोलावलं. "या. तुम्हीच बघा."

वहिनीने भिंग हातात घेतलं. बाईंनी सळईच्या टोकाने दाखवलं, हा वण, हे मागचं, ही नस. वहिनीने नीट बघितलं.

"म्हणजे वरून बरा," ती म्हणाली. "आत आहेच."

"हो."

"आणि छोटीचा अख्खा काढला तर?"

"गाठ नसेत गेली नसेल तर ती वाचेल. आज गेली आहे असं वाटत नाही. पुढच्या आठवड्याचं मी सांगू शकत नाही."

मला वाटलं, वहिनी आता म्हणेल चला. पण ती सशाच्या खोलीत गेली आणि त्याच्या पिंजऱ्यापाशी जमिनीवर बसली. दुपार तिथेच गेली. मामांनी चहा आणला, तो तिने घेतला. ससा आधी नुसता पडून होता, मग धडपडला, मग उठून कोपऱ्यात बसला. ऊन उतरायला लागल्यावर वहिनीने मुळ्याचं एक पान घेतलं आणि त्याच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूने धरलं. सशाला ते दिसलं नाही. त्याने नाक हलवलं, वास घेतला, आणि मग सबंध मान फिरवून चांगल्या डोळ्याने बघितलं. पान ओढून घेतलं आणि कुरकुर आवाज करत खाऊ लागला. वहिनीने दुसरं पान धरलं. या वेळी त्याने आधीच मान फिरवली.

"चला वन्सं," ती उठत म्हणाली. "उद्या काढू."

ट्राममध्ये ती एकदाच बोलली. म्हणाली, "घरी मी सांगेन. तुम्ही मधे बोलू नका. तुमचं तोंड सुटलं की मामंजी हट्टाला पेटतात." इतकं खरं माझ्याबद्दल मला कुणी तोवर सांगितलं नव्हतं.

तिने अण्णांना काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, कारण तिने मला खरोखरच गॅलरीत पाठवलं. आतून अण्णांचा चढलेला आवाज आला, मग आईचा रडका. मग बराच वेळ नुसता वहिनीचा, एका पट्टीतला. अण्णा बाहेर आले ते टोपी घालूनच. म्हणाले, "उद्याची टॅक्सी सांगून येतो." रुग्णालयात शल्यवैद्यांनी विचारलं, "मुलीचे वडील कुठे आहेत?" अण्णांनी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "आई आहे ना मी."

हरताळ ठरल्याप्रमाणे झाला. त्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं. छोटी डोळ्यावर पट्टी बांधून रुग्णालयातल्या खाटेवर बसून खडीसाखर खात होती. काढलेला डोळा तपासून सांगितलं गेलं, नस स्वच्छ होती. मी ते ऐकून रुग्णालयाच्या जिन्यावर बसून हमसून हमसून रडले. अण्णा शेजारी बसले आणि मला रुमाल दिला. हरताळाच्या उन्हाबद्दल ते पुन्हा कधीही कुणाशी बोलले नाहीत. बाकड्यावर बसायचंही त्यांनी बरेच दिवस टाळलं.

बाईंनी आरसा काही दिवसांनी खाली उतरवला. हरलेल्या नव्हत्या त्या. उजेड आतपर्यंत पोचायला हवा, एवढं त्यांना कळलं होतं, आणि ते सूर्याकडून होणार नाही हेही. त्या पुढची कितीतरी वर्षं त्याच्याच मागे लागल्या. तुटक्या कानाचा ससा मामांनी आपल्या पिंजऱ्यांपासून वेगळा ठेवला आणि तो तसाच म्हातारा झाला.

दादा सुटला तेव्हा छोटीची पट्टी निघून पापणी मिटलेली राहिली होती. काचेचा डोळा अजून बसायचा होता. वाडीत ताशा लावला होता, घोषणा चालल्या होत्या, दादाच्या गळ्यात इतके हार की हनुवटी दिसत नव्हती. कुणीच त्याला वाटेत काही सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटलं दुसरा सांगेल. तो हसत जिना चढून वर आला, आणि दारात छोटी उभी होती.

ताशा खाली वाजतच होता. दादा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग वहिनीला म्हणाला, "हे काय केलंत? कुणाला विचारून केलंत?"

अण्णा पुढे झाले होते, पण वहिनीने त्यांना बोलू दिलं नाही. तिने नवऱ्याला त्याआधी कधी उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "तुम्ही नव्हतात. मी सशाला विचारलं. त्याने सांगितलं, काढा."

दादाला काय कळणार? तो मटकन पाटावर बसला. मग मी सगळं सांगितलं. माझं तोंड आता कुणी धरलं नाही. छोटी दरम्यान त्याच्या मांडीवर चढून हारांमधला एकेक झेंडू तोडून खाली टाकत होती आणि प्रत्येक फुलाला मोठ्याने "झालाच पाहिजे" म्हणत होती. दादाने तिला टाकू दिलं. माझं बोलणं संपलं तेव्हा पाटाभोवती पाकळ्यांचा सडा होता. त्याने तिच्या मिटल्या पापणीवर हळूच बोट ठेवलं. ती खिदळली.

"बरं केलंस," तो वहिनीला म्हणाला.

वहिनी परळला रडली नव्हती, रुग्णालयातही रडली नव्हती. ती खांबाला टेकून खाली बसली आणि आमच्या सगळ्यांसमोर, सासऱ्यांसमोर, मोठ्याने रडायला लागली. आई तिला आवरायला उठली, तर अण्णांनी आईचा हात धरला. "रडू दे तिला," ते म्हणाले. खालून कुणीतरी दादाला भाषणाला बोलावत होतं. तो गेला नाही.